घड्याळाखालची कातडी

मस्कतला, मत्राच्या सूकमध्ये, लोबानाच्या दुकानाला लागून
दीड माणूस मावेल एवढी आमची जागा.
एक मी. अर्धे उस्मान परकार, हर्णैचे.
आता त्यांचं फक्त स्टूल आहे,
त्यावर मी गिऱ्हाईक बसवतो.

मी आलो ब्याऐंशी साली.
तेव्हा घड्याळं चौतीस मिलिमीटरची,
जुन्या रुपयाहून नखभर मोठी.
बायकांची तर चिंचोक्याएवढी.
वेळ बघायला मनगट नाकाशी न्यावं लागे,
लांबून वाटायचं, बाई अत्तर हुंगते आहे.
परकार आधी केस मोजायचे व्हर्निअरने,
मग गिऱ्हाइकाचं मनगट, नुसत्या डोळ्याने,
आणि मला म्हणायचे,
"कान हाडाबाहेर गेले ना पोरा,
तर ते घड्याळ नव्हे. डब्याचं झाकण."

पुढे झाकणांचेच दिवस आले.
अडतीस. चाळीस. चव्वेचाळीस.
दोन हजार सातला नासिर बिन खमीस
शेहेचाळीसचं घालून फिरू लागला.
दिशदाशाची बाही त्यावरून उतरेना,
तेव्हा शिंप्याकडून त्याने डावी बाही तेवढी रुंद करून घेतली.
उजवी राहिली बापाच्या मापाची.
बँकेतली पोरं, बंदरावरचे फोरमन,
आमचा चिपळूणचा दत्ता शिगवणसुद्धा,
क्रेनवर बसून बसून ज्याचं मनगट
वेताच्या छडीएवढं उरलं होतं:
"मोठं दे. गावी उतरलो की लांबून दिसलं पाहिजे."
मी पट्ट्याच्या कड्या काढत गेलो.
चार. पाच. दत्ताच्या सात.
त्या सगळ्या एका बरणीत आहेत.
बरणी मुळात लोणच्याची,
दमट दिवसांत अजून तिच्यातून मोहरी येते.
कडी परत मागायला कुणी आलं नाही.

मीही घेतलं. खोटं कशाला बोलू.
सत्तेचाळीसचं, हप्त्यांवर.
सुट्टीत गेलो तर मेहुणा म्हणाला,
"भिंतीवरचं काढून आणलंत?"

दर शुक्रवारी मी धक्क्यावर गळ टाकून बसतो,
हात कोळशासारखे झालेत.
घड्याळाखालची कातडी तेवढी लग्नातली.
कुमुद दर दोन वर्षांनी, रात्री,
माझा हात दिव्याखाली धरून ती चकती बघायची.
चौतीसची, मग छत्तीसची, मग चाळीसची.
त्या वर्षी बराच वेळ बघत राहिली.
"गोरे झालात हो," म्हणाली,
"एवढ्याच जागेत."

परवा नासिरचा मुलगा आला, यारूब.
रुमालाची घडी काउंटरवर उलगडली.
आत पिवळी पडलेली तबकडी, चौतीस,
चामड्याचा पट्टा वाळल्या बांगड्यासारखा.
"आजोबांचं आहे. आता हेच चालतं."
बापाचं शेहेचाळीस घरी खणात बंद पडलंय,
सेल कोण घालणार.
पट्ट्याला कारखान्याची पाच भोकं,
सहावं हाताने पाडलेलं, जरा डावीकडे कललेलं.
परकारांचा हात तसाच कलायचा.
मी काही बोललो नाही.
नव्या पट्ट्याला भोक पाडायला पंच उचलला,
यारूबचं मनगट बघितलं, नुसत्या डोळ्याने,
आणि पंच खाली ठेवून म्हटलं,
"जुनाच राहू दे. तेल लावून देतो."
सहाव्याच भोकात बसलं.

त्या रात्री माझंही चौतीस शोधून काढलं.
किल्ली दिली, जरा खाकरलं, चाललं.
हातावर बांधलं तर भोवती
सत्तेचाळीसची फिकट कड उरलेली,
चंद्राला खळं पडावं तशी.

दुपारी एक ते चार सूक बंद असतो.
अर्ध्या शटरखालून ऊन येतं, वीतभर,
परकारांच्या स्टुलाच्या पायापर्यंत.
मी हात तिथे धरून बसतो.
फोनवर कुमुद विचारते, "आता केवढं?"
मी म्हणतो, थांब,
अजून भरत यायचंय.